नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी हप्ता नव्हे

दसरा-दिवाळीचा ऑनलाइन सेल लागला की हे वाक्य हमखास कानावर येतं: "नो-कॉस्टवर घेतला, व्याजाचा एक रुपयाही नाही." एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसंसुद्धा असं बोलतात आणि महिन्याभराने क्रेडिट कार्डाचं बिल हातात आलं की बँकेच्या नावाने खडे फोडतात. बिलावर व्याज दिसतं, कारण ते पहिल्या दिवसापासून लागलेलंच असतं.

साधा ईएमआय सगळ्यांना ठाऊक आहे. ३०,००० रुपयांचा फोन, वर्षाला १५ टक्के व्याज, सहा हप्ते. दरमहा साधारण ५,२२१ रुपये, म्हणजे एकूण ३१,३२६ रुपये. इथे कोणाचा गोंधळ होत नाही.

नो-कॉस्टमध्येही बँक तेच १५ टक्के लावते. फरक एवढाच की जितकं व्याज होणार, तितकी सूट विक्रेता किंवा फोनची कंपनी किमतीतच आधी देते. वरच्या फोनवर ही सूट सुमारे १,२७० रुपये होते. बँक २८,७३० रुपयांचं कर्ज मांडते, त्यावर १,२७० रुपये व्याज घेते, आणि तुमचे ५,००० रुपयांचे सहा हप्ते मिळून बरोबर ३०,००० होतात. पैसे भरायच्या पानावर ही सूट 'तुमची बचत' असल्यासारखी दाखवतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. ते पैसे तुमच्या खिशात राहत नाहीत, हप्त्याहप्त्याने बँकेकडे जातात.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल बजावलं होतं. शून्य व्याज असं काही नसतंच, ते प्रोसेसिंग फीच्या आड लपवून गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतं, हे तिचं म्हणणं होतं. तेव्हापासून व्याज कागदावर राहिलं आणि त्याची भरपाई सुटीतून होऊ लागली.

पण ही सूट फक्त व्याजापुरती असते, आणि लोक नेमके इथेच अडकतात. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुम्ही भरता. १,२७० वर तो सुमारे २२९ रुपये होतो. शिवाय प्रोसेसिंग फी. ती १९९ रुपये धरली तर तिच्यावरच्या जीएसटीसकट २३५ होतात. पहिल्या बिलात हे असं दिसतं: मुद्दल ४,६४१, व्याज ३५९, त्या व्याजावर जीएसटी ६५, प्रोसेसिंग फी २३५. पाच हजारांचा हप्ता ५,३०० वर जातो तो असा. पुढे व्याज घटतं तसा जीएसटीही घटतो, शेवटच्या हप्त्यात तो अकरा रुपयांवर येतो. सहा महिन्यांत जादा गेले सुमारे ४६४ रुपये. रक्कम मोठी नाही, पण 'नो-कॉस्ट'ही नाही.

डेबिट कार्डावरचा ईएमआय किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर व्याजावर जीएसटी लागत नाही. ती सवलत क्रेडिट कार्डाला नाही. प्रोसेसिंग फीवर मात्र तो सगळीकडेच लागतो.

त्याहून मोठी गळती वेगळीच असते आणि ती कोणत्याच बिलावर दिसत नाही. तोच फोन त्याच साइटवर दुसरा विक्रेता नो-कॉस्टशिवाय २८,८०० ला देत असेल, तर पहिल्याने ती १,२७० ची सूट किमतीतच चढवलेली असण्याची शक्यता दाट आहे. म्हणून हप्त्याचा आकडा बघायच्या आधी 'इतर विक्रेते' उघडून एकरकमी किंमत बघा. बँकेची तत्काळ सूटही एकरकमी भरण्यावर किती आणि ईएमआयवर किती, हे वेगवेगळं तपासा, कारण दोन्ही आकडे सारखे असतीलच असं नाही. खात्यात पैसे असतील तर मी एकरकमीच भरायला सांगेन. पैसे नसतील आणि फ्रीज बंद पडलेला असेल, तर ४६४ रुपयांत सहा महिन्यांची सवड वाईट नाही, जरूर घ्या.

वस्तू परत करण्याची शक्यता असेल, विशेषतः कपडे किंवा बूट, तर मात्र नो-कॉस्टच्या वाटेला जाऊ नका. विक्रेता पैसे परत करतो, पण तोवर लागलेलं व्याज, जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बँक बहुधा परत देत नाही. मधेच कर्ज बंद करायचं म्हटलं तर काही बँका उरलेल्या मुदलावर वेगळं शुल्क लावतात. ही अट ऑर्डर देण्याआधी बँकेच्या पानावर वाचायची असते, विक्रेत्याच्या पानावर ती सापडेलच असं नाही.