स्मार्ट, जॉन
स्मार्ट, जॉन : (सु. १७४१–१ मे १८११). हस्तिदंतावर जलरंगात लघुव्यक्तिचित्रे रंगविणारा इंग्लिश चित्रकार. आयुष्यातील सुमारे दहा वर्षे त्याने मद्रास (चेन्नई) येथे काढली.

त्याच्या जन्माबद्दल एकमत नाही. परंपरेने जन्मस्थान नॉरफॉक परगणा मानले जाते. जन्मवर्ष काही लेखक १७४१, तर काही १७४२ किंवा १७४३ देतात. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सने १७५५ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांसाठी रेखाटन-स्पर्धा घेतली. तीत रिचर्ड कॉसवे (हाही पुढे लघुचित्रकार झाला) पहिला व स्मार्ट दुसरा आला. वयाची ही अट प्रामाणिकपणे पाळली गेली असे धरल्यास १७४१ च्या मागे जाता येत नाही. त्यापुढचा निर्णय मात्र तर्कावरच राहतो. प्रस्तुत नोंदीत १७४१ हे वर्ष याच मर्यादेत घेतले आहे. १७५५ नंतरची तीन वर्षे पहिले बक्षीस स्मार्टने मिळविले. विल्यम शिप्ली याच्या चित्रशाळेत त्याचे शिक्षण झाले. सोसायटी ऑफ आर्टिस्ट्‌स या संस्थेच्या प्रदर्शनांतून त्याची चित्रे नियमित लागत. १७७८ मध्ये तो तिचा अध्यक्ष झाला. रॉयल अकादमीचे सदस्यत्व मात्र त्याला कधीच मिळाले नाही.

हस्तिदंताचा पातळ काप घासून, त्यावरील तेलकटपणा काढून, गोंदमिश्रित रंगांचे सूक्ष्म ठिपके व रेघा देणे ही या कलेची पद्धत. त्वचेच्या जागी रंग विरळ ठेवला की खालचा दंत आतून उजळतो. इंग्लंडमध्ये ही पद्धत अठराव्या शतकाच्या आरंभी रुळली. त्याआधी चर्मपत्र वापरीत. कॉसवेने या पारदर्शकतेचा उपयोग मोकळ्या, झरझर कुंचल्यासाठी केला आणि गिऱ्हाइकांना आहेत त्याहून देखणे केले. स्मार्टचे काम याच्या उलट आहे. सुरकुती, पापणीची कड, कातडीचा तांबूसपणा तो सोडत नाही. त्यामुळे काही समीक्षकांना तो कोरडा वाटतो, पण चेहऱ्याची ओळख पटविण्याच्या बाबतीत तो सरस ठरतो. चित्रापूर्वी केलेली लहान रेखाटने तो जपून ठेवी. मागणी आल्यास त्यांवरून दुसरी प्रत करता येई.

१७८५ मध्ये तो मद्रासला आला. कंपनीचे अधिकारी व लष्करी अंमलदार हे त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. घरी पाठवायला तळहाताएवढी तसबीर सोयीची, हे त्याचे उघड कारण. अर्काटचा नवाब मुहम्मद अली वालाजाह व त्याचे कुटुंबीय यांचीही चित्रे त्याने काढली. पेशवे व निजाम यांच्या साहाय्याने टिपूविरुद्ध लढलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचे त्याने १७९२ मध्ये केलेले चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

अभ्यासकांना स्मार्ट सोयीचा वाटतो तो सहीमुळे. आपली आद्याक्षरे व वर्ष तो बहुधा चित्राच्या कडेलाच घाली. मद्रासच्या वर्षांत या सहीबरोबर रोमन ‘आय’ हे आणखी एक अक्षर येते. त्याचा अर्थ ‘इंडिया’ असा घेतात. हे अक्षर १७८५ ते १७९५ या काळातील कामाशीच निगडित असल्याने हा अर्थ ग्राह्य वाटतो. तथापि केवळ अक्षरावरून चित्र जागेवर रंगविले की जुन्या रेखाटनावरून, हे ठरविणे धाडसाचे होईल. सही नसलेल्या चित्रांवर त्याचे नाव लावताना तर अधिकच सावधगिरी हवी.

१७९५ मध्ये तो लंडनला परतला व रॉयल अकादमीत चित्रे मांडू लागला. त्याचा याच नावाचा मुलगाही लघुचित्रकार होता. तो १८०९ मध्ये मद्रासला वारला. अमेरिकेतील कॅन्झस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात स्मार्टच्या कारकिर्दीतील जवळजवळ प्रत्येक वर्षाचे सही-सालाचे चित्र जमविलेले आहे.