मिक डूहानचा अंगठ्याचा ब्रेक

१९९२ च्या मोटरसायकल शर्यतींच्या ५०० सीसी जागतिक स्पर्धेत पहिल्या सात शर्यतींत पाच विजय आणि दोनदा दुसरा नंबर, असा ऑस्ट्रेलियाचा रायडर मिक डूहान याचा धडाका होता. होंडाने त्या वर्षी त्याच्या एनएसआर ५०० या गाडीला ‘बिग बँग’ इंजिन दिलं होतं. चारही सिलिंडर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) साधारण ७० अंशांच्या आत पेटायचे आणि उरलेल्या फेऱ्यात मागच्या टायरला पुन्हा पकड घ्यायला उसंत मिळायची.

जूनमध्ये नेदरलँड्समधल्या असेनच्या सरावात तो पडला. उजवा पाय मोडला, नंतर गुंतागुंत इतकी वाढली की पाय कापायची वेळ आली. शर्यतींचे डॉक्टर क्लॉडिओ कोस्टा यांनी त्याला इटलीला हलवलं आणि डाव्या पायाचं रक्त उजव्याला मिळावं म्हणून दोन्ही पाय एकमेकांना शिवले. पाय वाचला. चार शर्यती बुडाल्या आणि विजेतेपद अवघ्या ४ गुणांनी प्रतिस्पर्धी वेन रेनीकडे गेलं.

घोटा मात्र पूर्वीसारखा वळेना, आणि मागच्या ब्रेकचं पेडल नेमकं उजव्या पायाखाली. १९९३ मध्ये तोडगा निघाला: डाव्या हँडलवर, क्लचच्या खाली, अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी.

सोय म्हणून केलेल्या या गोष्टीचा खरा फायदा उजव्या वळणांवर होता. गाडी पूर्ण झुकली की धडधाकट रायडरलाही पेडल नीट दाबता येत नाही, कारण बूट रस्त्याला घासतो. अंगठ्याला ती अडचण नाही. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल न सोडता जागीच घसरून फिरणारं मागचं चाक आवरता येतं, पुढचं चाकही कमी उचलतं.

जुळवाजुळव मात्र नाजूक. अंगठ्यात पायाएवढा जोर नसतो, म्हणून ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) लहान घ्यावा लागतो. त्याने दाब वाढतो, पण दांडी लांबवर ढकलावी लागते. बोअर फारच लहान झाला तर अंगठाच पुरत नाही. तेलाचा पाइप हँडलपासून मागच्या कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाची डिस्क दाबणाऱ्या भागापर्यंत जातो. वाटेत उंचवटा राहिला की तिथे हवा अडकते आणि ब्रेक स्पंजी लागतो.

१९९४ ते १९९८ अशी सलग पाच विजेतेपदं डूहानने या अधू पायानिशी मिळवली. १९९७ मध्ये तर त्याने समान अंतराने पेटणारं, जास्त आडदांड ‘स्क्रीमर’ इंजिन पुन्हा मागून घेतलं आणि १५ पैकी १२ शर्यती जिंकल्या. १९९९ मध्ये स्पेनमधल्या हेरेसला पुन्हा जबर अपघात झाला आणि ५४ विजयांवर कारकीर्द थांबली. पाय धड असलेले मोटोजीपी (५०० सीसीच्या जागी आलेली आजची सर्वोच्च स्पर्धा) रायडरही आता हा ब्रेक बसवून घेतात.