काच : सांस्कृतिक इतिहास आणि आधुनिक द्रव्ये

वाळू, क्षार आणि चुना यांचा वितळलेला रस स्फटिक न बनता थिजला, की काच तयार होते. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीजन्य काच माणूस अश्मयुगापासून पाती आणि बाणाग्रांसाठी वापरत आला. भट्टीतली काच मात्र हत्यार म्हणून आली नाही. ती आली नकली रत्न म्हणून.

मेसोपोटेमियात इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात काचेचे मणी होऊ लागले, भांडी सुमारे इ. स. पू. १५०० च्या सुमारास आली. ही काच अपारदर्शक, बहुधा निळी असे. लाजवर्द आणि पिरोजा या निळ्या रत्नांची जागा घेणे हेच तिचे काम होते. तरीही ती हलकी मानली जात नसे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या जहाजात तांब्याच्या लाद्यांबरोबर निळ्या काचेच्या सुमारे १७५ लाद्याही मिळाल्या. आरपार दिसणे, जो आज काचेचा स्वभावच वाटतो, त्याला तेव्हा फारशी किंमत नव्हती. नवे द्रव्य आधी जुन्याचे सोंग घेते. एकोणिसाव्या शतकात सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लास्टिकनेही हस्तिदंताची नक्कल करूनच बाजारात जम बसवला.

इ. स. पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्य किनाऱ्यावर फुंकनळी, म्हणजे वितळलेल्या काचेत हवा फुंकून तिला आकार देणारी पोकळ नळी, आली. मिश्रण जवळजवळ तेच राहिले, पण काम इतके झटपट होऊ लागले की रोमन जगात काचेचा पेला सामान्य घरात पोहोचला. काचेच्या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ रसायनातून नव्हे, कारागिरीतून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

आगीच्या भीतीने व्हेनिसने १२९१ मध्ये भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. कारागिरांवर आणि त्यांच्या गुपितांवर नजर ठेवणेही त्यामुळे सोपे झाले. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर यांच्या नावाशी जोडली जाणारी ‘क्रिस्टालो’ ही नितळ काच तिथलीच. तिच्यासाठी वनस्पतींची राख गाळून शुद्ध केली जाई. त्या गाळण्यात चुनाही निघून जाई, आणि चुन्याविना काच ओलाव्याला बळी पडते : पृष्ठभाग पाझरतो, बारीक तडे जातात. लंडनमध्ये १६७४ मध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी एकाधिकारपत्र (पेटंट) घेतलेल्या काचेलाही सुरुवातीला हाच रोग जडला; शिशाचे प्रमाण वाढवल्यावर ती टिकू लागली. दोन्ही वेळा काच विकली गेली तेव्हा निर्दोषच दिसत होती. द्रव्याचे खरे आयुष्य कार्यशाळेत कळत नाही, ही अडचण आजच्या पॉलिमरांनाही (प्लास्टिकसारख्या द्रव्यांनाही) चुकलेली नाही.

अंदाजाची जागा मोजमापाने घेतली ती जर्मनीतल्या येना येथे. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे आणि रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉट यांनी १८८४ पासून घटकांचे प्रमाण बदलून हवे ते गुणधर्म मिळवण्याची पद्धत बसवली. बोरॉन मिसळलेली, उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच हे तिचे फळ. पुढे १९६६ मध्ये अभियंता चार्ल्स काओ यांनी दाखवले, की संदेश वाहणाऱ्या काचतंतूतला प्रकाश काच स्वतः नव्हे, तर तिच्यातली अशुद्धी गिळते. अमेरिकेत १९७० मध्ये दर किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा (डेसिबल हे प्रकाश किती घटतो ते मोजण्याचे एकक) कमी प्रकाशक्षय असलेला तंतू तयार झाला.

अतिकिरणोत्सारी अणुकचरा आता बोरोसिलिकेट काचेत मुरवून ठेवतात. ती हजारो वर्षे टिकेल का, हे प्रयोगशाळेत थेट पाहता येत नाही. म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यालगत एम्बिए येथे बुडालेल्या रोमन जहाजातील, सुमारे १८०० वर्षे समुद्रतळाशी राहिलेल्या काचेच्या तड्यांचा अभ्यास करून काच पाण्यात कशी झिजते हे सांगणारी गणिती प्रतिमाने तपासली गेली आहेत.