ज्यांनी आपल्याला कधी पाहिलंच नाही, त्यांचा निरोप

शेवटचा प्रसंग संपतो, पडदा काळा होतो आणि नावं वर सरकू लागतात. एरवी ती नावं कोण वाचतं? आज मात्र रिमोट हातातच राहतो. वेशभूषा कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाचं, सगळं तळापर्यंत वाचलं जातं, कारण ती यादी संपली की मालिका खरंच संपणार असते.

एका मालिकेचा शेवटचा भाग मी अकरा दिवस तसाच ठेवला होता. तो बघितला नाही तोवर ती माणसं अजून आहेत, असं काहीतरी मनात होतं. शेवटी बघितला, पोटभर रडले, आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी सवयीने पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसले. अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, ‘‘एवढं काय त्यात, मालिकाच तर होती!’’ आणि आपण ओशाळतो. पण या हुरहुरीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी चांगला गंभीरपणे केला आहे.

सुरुवात 1956 साली झाली. अमेरिकेत टीव्ही नुकताच घरोघरी पोहोचत होता. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन संशोधकांनी त्यात एक गंमत टिपली: पडद्यावरचा निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो आणि घरातल्या माणसाला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. आठवड्यामागून आठवडे हे चाललं की ओळख होते, मग आपुलकी. ती सगळी एका बाजूने. पलीकडच्याला आपण जगात आहोत हेही ठाऊक नसतं. या दुरून जडलेल्या जवळिकीला त्यांनी ‘पॅरासोशल’ नातं म्हटलं. कथेतल्या पात्रांनाही हा शब्द चपखल लागू पडतो. किंबहुना जास्तच, असं मला वाटतं. शेजारच्या माणसाला दार लावून एकटं रडताना आपण कधी पाहत नाही. पात्राला पाहतो. त्याने कोणापाशीही न बोललेलं आपल्याला माहीत असतं.

मेंदूत याच्या खुणा दिसतात का? ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या 19 चाहत्यांवर झालेला एक प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यांना एमआरआय यंत्रात झोपवून एकेक नाव दाखवलं: कधी स्वतःचं, कधी मित्राचं, कधी मालिकेतल्या पात्राचं. सोबत ‘दुःखी’, ‘हुशार’ असं एखादं विशेषण. हे या व्यक्तीला लागू पडतं का, एवढंच सांगायचं. कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात मधोमध एक जागा आहे. माणूस स्वतःविषयी विचार करतो तेव्हा ती विशेष जागी होते. जे चाहते कथा बघताना पात्राच्या कातडीत शिरतात, त्यांच्या मेंदूत या जागी ‘मी’ आणि ‘माझं लाडकं पात्र’ यांचे ठसे एकमेकांशी जास्त जुळले. माणसं थोडी होती, त्यामुळे यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी दिशा कळते.

मग नातं तुटतं तेव्हा काय होतं? इस्रायलचे संशोधक जोनाथन कोहेन यांनी प्रेक्षकांना विचारलं, तुमचं आवडतं पात्र पडद्यावरून कायमचं गेलं तर काय वाटेल? सर्वाधिक त्रास होईल असं कोणी सांगितलं, तर ज्यांना खऱ्या आयुष्यातही ‘जवळचं माणूस आपल्याला सोडून जाईल’ ही धास्ती असते त्यांनी. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. माणसांना धरून ठेवण्याची आपली जी रीत, तीच पात्रांनाही लागू होते. त्यासाठी मनात वेगळा कप्पा नसतो.

खरी परीक्षा 6 मे 2004 रोजी आली. दहा वर्षं चाललेली ‘फ्रेंड्स’ त्या रात्री संपली, आणि एकट्या अमेरिकेत पाच कोटींहून जास्त लोक ती बघत होते. त्यानंतर केरेन एयाल आणि कोहेन यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली. त्रास कोणाला जास्त झाला, याचं सगळ्यात भक्कम उत्तर होतं लाडक्या पात्राशी नातं किती घट्ट होतं, हे. एकटेपणाचाही वाटा होता. पुढे 2007 मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप शंभर दिवस चालला आणि मालिका मध्येच थांबल्या. सोबत म्हणून टीव्ही बघणाऱ्यांना ती तात्पुरती ताटातूटही जास्त जाणवली, असं त्या काळातल्या अभ्यासात दिसलं.

आणि शेवट बिघडला की? वर्षानुवर्षांचा आनंद शेवटच्या काही भागांनी नासतो, अशी तक्रार चाहते करतात. हिशोबाने बघितलं तर तो आनंद उपभोगून झालेला असतो, तो परत कसा जाईल? पण आठवण बेरीज करत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली लोकांना थंडगार पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा 14 अंशांच्या पाण्यात 60 सेकंद. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, ज्यांत पाणी हळूहळू 15 अंशांवर आणलं. पुन्हा कोणतं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला. शेवट किंचित सुसह्य होता, तेवढंच लक्षात राहिलं. सगळ्यात तीव्र क्षण आणि अखेरचा क्षण, अनुभवाचं मोल मन बरंचसं यांवरूनच करतं. चाहत्यांचा संताप मला म्हणूनच अगदी समजतो. त्यांच्या आठवणीलाच धक्का लागलेला असतो.

मालिका संपली तरी ती माणसं कामी येत राहतात. 2009 च्या एका अभ्यासात, जिवलग माणसाशी झालेलं भांडण आठवून खट्टू झालेल्या लोकांना आवडत्या मालिकेबद्दल नुसतं लिहायला सांगितलं, तरी त्यांचा मूड आणि आत्मविश्वास सावरलेला दिसला.

त्या अकरा दिवसांनंतर महिनाभराने मी पहिला भाग पुन्हा लावला. सगळे किती कोवळे दिसत होते! शेवटी एकमेकांच्या गळ्यात पडून रडणारी ती दोघं तिथे पहिल्यांदाच भेटत होती. त्याने तिचं नाव चुकीचं उच्चारलं, तिने कोरडेपणाने ते दुरुस्त केलं आणि पाठ फिरवली. पुढचं सगळं त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.