खुलासा: मोठा शोध तिशीच्या आतच लागतो?

मोठा शोध लावायचा तर तिशीच्या आत, नंतर नुसतं मास्तरकी, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. बॅटरीच्या क्षेत्रात तरी तो साफ खोटा ठरतो.

लिथियम-आयन बॅटरी घडवणाऱ्यांपैकी एक, अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांचा जन्म 1922चा. ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड (बॅटरीचा धन ध्रुव) मांडला 1980 मध्ये, म्हणजे तेव्हा ते 57 वर्षांचे होते! या पदार्थात कोबाल्ट-ऑक्सिजनच्या थरांमध्ये लिथियम बसलेलं असतं. चार्जिंगच्या वेळी त्यातलं निम्म्याच्या आसपास बाहेर पडलं तरी थर ढासळत नाहीत आणि व्होल्टेज मिळतं सुमारे 4 व्होल्ट. त्याआधी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी वापरलेल्या टायटॅनियम डायसल्फाइडच्या कॅथोडचं ते दोनाच्या जरा वर होतं.

निवृत्तीचं वय आडवं येऊ लागलं तसे 1986 मध्ये ते टेक्सासला गेले. तिथे 1997 मध्ये, पंचाहत्तरीला टेकलेले असताना, सहकाऱ्यांसह त्यांनी कॅथोडसाठी लिथियम लोह फॉस्फेट पुढे आणलं. त्यात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे बॅटरी तापली तरी तो सहज सुटत नाही आणि आगीचा धोका कमी होतो; शिवाय महागड्या कोबाल्टची गरजच नाही. सौरवीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांत आज तेच भरपूर वापरलं जातं.

नोबेल मिळालं 2019 मध्ये, 97 वर्षांचे असताना, व्हिटिंगहॅम आणि जपानी संशोधक अकिरा योशिनो यांच्यासोबत. त्यानंतरही ते संशोधन करतच होते.