‘साफ विसरलो’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

पार विसरलो, साफ विसरलो, विसरायलाच झालं. हे इंग्रजीत कसं सांगायचं, असं नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात विचारलं की ‘इट स्लिप्ड माय माइंड’ हातात पडतं. ‘आय क्लीन फरगॉट’ म्हणून बघा, लगेच ऐकाल : हे मराठी इंग्रजी झालं!

हा धाक जुना आहे. मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, तेव्हा फळ्यावर मराठी वाक्य आणि वहीत त्याचं भाषांतर, असा खाक्या. शब्दाला शब्द ठेवला की मार खायची तयारी. २००० साली इंग्रजी पहिलीपासून आलं, त्यावर वादही झाले; पण शब्दशः भाषांतराबद्दलचा संशय काही गेला नाही. ‘मी डबा आणायला साफ विसरलो’ हे वाक्य माझ्या वहीत अजून आहे. ‘क्लीन’भोवती लाल गोल, समासात ‘कम्प्लीटली’.

गोल चुकीचा होता. ‘पूर्णपणे’ या अर्थी ‘क्लीन’ इंग्रजीत हजार वर्षांपूर्वीपासून आहे. अँग्लिकन चर्चच्या १६६२च्या प्रार्थनाग्रंथात, एकतिसाव्या स्तोत्रात, ‘क्लीन फरगॉटन’ असंच छापलंय. त्याच पंथाच्या मिशनऱ्यांनी १९व्या शतकात शरणपूर वसवलं, ज्याच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज जातो. आपला ‘साफ’ अरबीतला, फारसीतून आलेला. साफ नाकारलं, साफ खोटं, साफ विसरलो. स्वच्छतेपासून संपूर्णतेपर्यंत दोन्ही शब्द आपापल्या वाटेनं पोचले, कुणी कुणाची नक्कल केली नाही. मात्र ‘क्लीन फरगॉट’ घरगुती, जरा ब्रिटिश वळणाचं. साहेबाला मेल लिहिताना नको.

तिथे ‘स्लिप्ड माय माइंड’ शोभतं. त्यात विसरणारा कर्ता नसतोच, गोष्टच निसटते. ‘विसरायला झालं’मध्ये तरी दुसरं काय असतं? दोष कुणाचा, ते वाक्यच सांगत नाही. सातपूरच्या कारखान्यातला सुपरवायझर आणि लंडनचा कारकून इथे एकाच दारातून सटकतात.

‘ब्लँक झालो’ वेगळं. इंग्रजीत ‘माय माइंड वेंट ब्लँक’ हे तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, येत असलेलं ऐनवेळी आठवेना तेव्हाचं. डबा घरी राहिला म्हणून कुणी ब्लँक होत नाही.