हँडबिल आणि स्थळप्रत: नाटक लागलं होतं की झालं होतं?

केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. तेव्हापासून कोल्हापुरात घरोघरच्या ट्रंकांतल्या नाटकाच्या कागदांचं मोल वाढलंय. त्यात एक घोळ हमखास होतो: हँडबिल (वाटायचं जाहिरातीचं पत्रक) आणि तिकिटाची स्थळप्रत (तिकीटपुस्तकात मागे राहणारा अर्धा भाग), दोन्ही ‘प्रयोगाचा पुरावा’ म्हणून एकाच पाकिटात जातात.

हँडबिल एवढंच सांगतं की प्रयोग लावला होता. ऐनवेळी नटाचा घसा बसला, प्रयोग पुढे ढकलला, तरी वाटलेली हँडबिलं परत कोण गोळा करतो? तिकीट फाडून दिल्यावर पुस्तकात उरलेली स्थळप्रत मात्र विक्री झाल्याचं सांगते.

हँडबिलाची खरी डोकेदुखी साल. ‘शुक्रवार, ता. १५ ऑगस्ट’ एवढंच छापलेलं असतं आणि हा वार १९४७, १९५२, १९५८ या तिन्ही सालांना जुळतो. मग नाट्यगृहाचं नाव बघा. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली सुरू झालेलं पॅलेस थिएटर १९५७ मध्ये केशवरावांच्या नावाचं झालं. नंतर तिकिटाचा दर बघा. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, त्यातला ‘नवे’ गळला १ जून १९६४ ला. ‘पॅलेस थिएटर’ आणि आणे एकत्र छापलेले असतील तर १९५८ बाद. उरलेल्या दोन सालांचा निकाल तिथीवरून पंचांग लावतं. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. मागे कुणी पेन्सिलीने ‘पॅलेस’ लिहिलं असेल तर त्यावर जाऊ नका, लोकांच्या तोंडी ते नाव पुढेही राहिलं.

स्थळप्रतीवर क्रमांक, दर, वर्ग असतो. नाटकाचं नाव बरेचदा नसतंच. क्रमांक ३४१ ते ४१२ म्हणजे ७२ तिकिटं, ७१ नव्हे. आठ आण्यांनी ३६ रुपये. पुस्तक १ पासूनच सुरू झालं असं धरलं की हिशेब फसतो, कारण आदल्या खेळाचं उरलेलं पुस्तक पुढे वापरलेलं असू शकतं. फुकट पास यात येत नाहीत, त्यामुळे भरलेल्या खुर्च्या यावरून मोजू नयेत.

स्थळप्रती पुस्तकातून सुट्या करू नका, त्यांचा क्रम हाच पुरावा आहे. गंजलेली टाचणी ओढू नका. कागद सपाट ठेवून आधी ती कागदापासून सैल करा. सेलोटेप, लॅमिनेशन नकोच. आणि फोटो काढताना पाठची बाजूही घ्या, शिक्का तिकडेच सापडतो.